कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान: युक्सोमहून गोएचा ला-कडे जाताना

युक्सोमच्या चेकपोस्टवर आमच्या बिस्किटांचे पुडे मोजले गेले. मग चॉकलेटं, मॅगीची पाकिटं, औषधांच्या पट्ट्या, टॉर्चचे सेल. टेबलामागची मुलगी एकेक आकडा शांतपणे कागदावर चढवत होती. परत येताना हे सगळं रिकामं का होईना, पण दाखवायचं, नाहीतर दंड. आमच्यातल्या एकाने चेष्टेने विचारलं, "आणि एखादा कागद वाऱ्याने उडाला तर?" मान वर न करता ती म्हणाली, "तो उसके पीछे भागना."

सिक्कीमच्या या उद्यानात, युक्सोम गावापासून गोएचा ला नावाच्या उंच खिंडीकडे कसं जायचं, ते मी इथे क्रमाने सांगणार आहे. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा घाईत गेलो आणि निम्मं बघायचं राहून गेलं. सह्याद्रीत चांगलं चालणारे, हरिश्चंद्रगड-रतनगड झालेले आणि आता हिमालयात काहीतरी मोठं करू म्हणणारे लोक मनात धरून लिहितोय. माझा आग्रह एकच आहे: कुठल्याही कंपनीच्या वेळापत्रकात दोन दिवस वाढवून घ्या. ते का, हे पुढे येईलच.

आपण कुठे चाललोय

शाळेच्या भूगोलात आपण 'कांचनगंगा' शिकलो. त्या नावात सोनंही नाही आणि गंगाही नाही. खांग म्हणजे हिम, छेन म्हणजे मोठं, झो म्हणजे भांडार आणि ङा म्हणजे पाच. मोठ्या हिमाची पाच भांडारं. मीठ, सोनं आणि पिरोजा, धर्मग्रंथ, शस्त्रं, धान्य आणि औषध असा ऐवज या पर्वताच्या पोटात ठेवलाय आणि पर्वत त्याचा राखणदार आहे, अशी श्रद्धा. इथले मूळ रहिवासी लेपचा तर त्यांचे आद्य पूर्वज याच शिखराच्या बर्फातून घडवले गेले असं मानतात.

शिखराची उंची ८,५८६ मीटर, जगात तिसरं. राष्ट्रीय उद्यान १९७७ साली जाहीर झालं. १९९७ मध्ये ते वाढवून १,७८४ चौरस किलोमीटर केलं. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, तेही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. भारतातलं असं हे पहिलं मिश्र वारसास्थळ. आपल्याकडच्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. देवराईत फांदी तोडायची नाही, हे आजीने सांगितलेलं असतं. इथे ती देवराई अख्ख्या डोंगररांगेएवढी आहे, इतकंच.

१९५५ साली ब्रिटिश मोहिमेतले ज्यो ब्राउन आणि जॉर्ज बँड नेपाळच्या बाजूने पहिल्यांदा वर पोचले आणि माथ्याच्या काही फूट खाली थांबले, कारण सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिलेला होता. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेने सिक्कीमच्या बाजूने चढाई केली. २००१ पासून सिक्कीमच्या बाजूने या शिखरावर चढायला बंदी आहे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे गिर्यारोहक मे २०१९ मध्ये शिखरावर पोचले तेही नेपाळमधूनच. तेव्हा इकडून कुणी "कांचनजंगा करून आलो" म्हणालं तर समजायचं, लांबून बघून आला. बघायलाच जायचं असतं.

कधी जायचं

दोनच हंगाम. एप्रिल ते मेचा मध्य, किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य.

ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला बघायचा असेल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा धरा. वाटेवरच्या चोका आणि झोंगरी या मुक्कामांमधला सगळा चढ लाल, गुलाबी, पिवळट पांढरा झालेला असतो. मात्र दुपारी ढग येतात आणि संध्याकाळी पाऊस किंवा गारा. शिखरं स्वच्छ दिसायला हवी असतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध. तेव्हा फुलं नसतात आणि रात्री थंडी कडक असते. दोन्ही एकदम हवं म्हणणाऱ्यांची सोय पर्वताने केलेली नाही.

जून ते सप्टेंबर नको. जळवा, दरडी, आणि समोर फक्त पांढरा पडदा. ऑक्टोबरच्या सुरुवातीवरही फार विसंबू नका. २०२३ मध्ये ३-४ ऑक्टोबरच्या रात्री उत्तर सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव फुटला आणि तीस्तेच्या पुरात रस्ते, पूल, चुंगथांगचं धरण वाहून गेलं. युक्सोम त्या खोऱ्यात नाही, पण सिलीगुडीहून सिक्कीमकडे जाणारा तीस्ताकाठचा राष्ट्रीय महामार्ग १० अशा वेळी बंद पडतो आणि सगळ्यांचंच गणित चुकतं.

परवाना आणि गाईड

भारतीय नागरिकाला युक्सोमपर्यंत जायला कसला परवाना लागत नाही. उद्यानात शिरायला वनखात्याचा परवाना लागतो आणि नोंदणीकृत गाईडशिवाय एकट्याने जाता येत नाही. परवाना गाईड किंवा ट्रेक चालवणारी संस्थाच काढते. तुम्ही आधार किंवा मतदार ओळखपत्राच्या दोन-तीन छायाप्रती, चार पासपोर्ट आकाराचे फोटो आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र न्या. पॅनकार्डावर पत्ता नसतो, ते चालेल असं धरून चालू नका. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर येणार असतील तर त्यांना सिक्कीमचा वेगळा परवाना आणि ट्रेकसाठी आणखी एक लागतो. त्याची तयारी खूप आधी करा.

आता निवड. शहरातल्या मोठ्या संस्थेबरोबर पंचवीस जणांच्या घोळक्यात जाता येतं, किंवा युक्सोममधल्याच एखाद्या स्थानिक संचालकाशी बोलून चार-सहा जणांचा गट करता येतो. मी दुसऱ्या बाजूचा. पैसे थोडे जास्त जातात, पण ते गावात राहतात आणि वेळापत्रक आपल्या हातात राहतं. पहिल्या वेळी मी एका शहरी एजंटाकडून गेलो होतो. त्याने युक्सोम ते चोका हा सोळा किलोमीटरचा चढ एका दिवसात कोंबला होता, "तुम्ही सह्याद्रीवाले, तुम्हाला काय!" असं म्हणून. सह्याद्रीवाल्यांची फुप्फुसं काही वेगळ्या कारखान्यात बनत नाहीत.

फोनवर हे नक्की विचारा: परवान्याचे पैसे धरलेत का? सामान वाहणाऱ्यांचा विमा आहे का? स्वयंपाकाला गॅस किंवा रॉकेल नेणार ना? (उद्यानात लाकूड जाळायला बंदी आहे.) झोंगरीला दोन रात्री आहेत का? शेवटच्या प्रश्नाला "गरज नाही सर" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

पोचायचं कसं

मुंबईहून बागडोगऱ्याला विमान, किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गुवाहाटी-कामाख्याकडे जाणाऱ्या गाडीने न्यू जलपाईगुडी. रेल्वेला जवळपास दोन दिवस लागतात. दशम्या आणि चटणी बांधून घेतली की ते दोन दिवस बरे जातात.

तिथून युक्सोम साधारण दीडशे किलोमीटर, पण डोंगरातले. सहा-सात तास धरा. गाडी ठरवलेली नसेल तर सिलीगुडीहून शेअर जीपने जोरेथांग आणि तिथून लेगशिप-ताशीदिंगमार्गे युक्सोम. जोरेथांगहून पुढच्या जीपा दुपारनंतर मिळणं कठीण, म्हणून सिलीगुडी सकाळी लवकर सोडा. रोख पैसे जोरेथांगलाच काढून ठेवा. इकडे अंधारही लवकर पडतो. देश एका घड्याळावर चालतो, पण सूर्य तसा चालत नाही. ऑक्टोबरमध्ये पाचच्या सुमारास दिवस मावळलेला असतो आणि मे महिन्यात पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं. ट्रेकवरचं तुमचं सगळं वेळापत्रक या हिशेबाने दोन तास अलीकडे सरकवा.

सॅकमध्ये काय

चार गोष्टींवर पैसे खर्च करा: घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आधी वापरून मऊ केलेले बूट, चांगली स्लीपिंग बॅग (भाड्याची असेल तर युक्सोममध्ये उलगडून, चेन ओढून बघा), पिसांचं जाकीट, आणि पोंचो. बाकी सगळं घरात सापडतं. थर्मलचे दोन जोड, लोकरी मोज्यांचे तीन, हेडटॉर्च, उन्हाचा काळा चष्मा, पावर बँक. फोन आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं, थंडीत त्या उतरतात.

खाऊ घरचा न्या. डिंकाचे लाडू, चिक्की, मेतकूट, सुकं खोबरं. मात्र सगळं प्लास्टिकमधून काढून स्टीलच्या किंवा कायम वापरायच्या डब्यांत भरा. चेकपोस्टवरची यादी छोटी होते आणि वाऱ्यामागे धावायची वेळ येत नाही. ही कचरा मोजण्याची पद्धत गावकऱ्यांनी उभी केली. १९९६ साली युक्सोमच्या तरुणांनी कांचनजंगा कन्झर्वेशन कमिटी काढली आणि ट्रेकिंगने खराब झालेली वाट हळूहळू स्वच्छ करत आणली. पाण्याच्या बंद बाटल्या आणूच नका, २०२२ पासून राज्यभर त्यांना बंदी आहे. दोन धातूच्या बाटल्या आणि क्लोरीनचे थेंब पुरतात. सॅनिटरी पॅड, वेट टिश्यू जे काही वापराल ते बंद डब्यात घालून खाली आणायचं आहे. तिथे ते कुजत नाही.

तयारीबद्दल एकच वाक्य: तीन महिने, दर आठवड्याला एकदा पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड किंवा तुमच्या जवळचा जो गड असेल तो.

युक्सोमला एक पूर्ण दिवस द्या

बहुतेक गट संध्याकाळी पोचतात आणि सकाळी निघतात. हा पहिला जादा दिवस मी इथे घालतो. युक्सोम सुमारे १,७८० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याहून उंचावर तुमचा पहिला मुक्काम असतो. शरीराला तो कळू द्या.

युक्सोम म्हणजे तिघा लामांच्या भेटीची जागा. १६४२ साली तीन दिशांनी आलेल्या तीन लामांनी इथे फुंचोग नामग्यालला सिक्कीमचा पहिला चोग्याल, म्हणजे धर्मराजा, म्हणून बसवलं. नोरबुगांगला त्या राज्याभिषेकाचं दगडी आसन अजून आहे. मोठ्या झाडाखाली चार बैठका, समोर छोर्तेन (बौद्ध स्तूप), आणि एका दगडावर लामाच्या पावलाचा ठसा. रायगडावर मेघडंबरीपाशी लोक आवाज खाली करतात तसा इथेही आपोआप होतो. १६७० मध्ये राजधानी राबदेन्त्सेला हलली.

दुपारी दुबदी मठाकडे चढून जा. पाऊण तासाची जंगलातली वाट, १७०१ सालचा मठ, सिक्कीममधला सर्वांत जुना. मी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. किल्ली खालच्या घरातल्या आजोबांकडे होती आणि आजोबा वेलचीच्या शेतात. वाट बघत बसलो. तासाभराने आले, दार उघडलं, तुपाच्या दिव्याची वात बोटांनी सरळ केली आणि आम्हाला चहा हवा का विचारलं. आत फोटो काढायचे नाहीत, बूट बाहेर, आणि मठ असो, छोर्तेन असो की मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, तो आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. आपली प्रदक्षिणेची सवय इथे तशीच कामाला येते.

गावात माणसांना दाजू (दादा) आणि दिदी म्हणा. सगळे म्हणतात. संध्याकाळी कुणी बांबूच्या नळकांड्यात तोंग्बा पुढे करेल. ती आंबवलेली नाचणी असते, वरून गरम पाणी ओतून नळीने प्यायची. आपल्या भाकरीची नाचणी या रूपात भेटल्याचं कौतुक परतीच्या दिवशी करा. चढायच्या आधी दारू नको.

वाट, मुक्कामागणिक

पहिला दिवस, युक्सोम ते साचेन. आठेक किलोमीटर. वाट नदीच्या बरीच वरून, दाट जंगलातून जाते आणि ओढ्यांवरचे पूल लागतात. चढ-उतार कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांसारखे. सुमारे २,२०० मीटरवर मुक्काम. सामान वाहणारे झो (याक आणि गायीचा संकर) मागून येतील तेव्हा नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. सॅकचा एक धक्का पुरतो.

दुसरा दिवस, साचेन ते चोका. प्रेक चू नदीवरचा झुलता पूल ओलांडला की खरा चढ सुरू होतो. बाखिमला वनखात्याची जुनी इमारत आहे, तिथे बसून खालचं खोरं बघा. चोका साधारण ३,००० मीटरवर, तिबेटी निर्वासितांनी वसवलेली छोटी वस्ती. वर तळं आणि लहानसा मठ. फोनचा भरवसा युक्सोमलाच संपलेला असतो, घरी तसं सांगून ठेवा.

तिसरा दिवस, चोका ते झोंगरी. सगळ्या ट्रेकमधला हा सर्वांत दमवणारा दिवस. हजार मीटरचा चढ, म्हणजे दीडपट सिंहगड, आणि तोही विरळ हवेत. फेदांगपर्यंत ओंडके टाकून केलेली वाट ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलातून जाते. ओंडके ओले असले की साबणासारखे. टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा ठेवा. फेदांगला जेवण, मग देवराली आणि संध्याकाळपर्यंत झोंगरी, सुमारे ४,०२० मीटर.

चौथा दिवस, झोंगरीलाच. हा दुसरा जादा दिवस, आणि यावर तडजोड नको. पहाटे उठून झोंगरी टॉपवर जा, सुमारे ४,१७० मीटर, तासाभराची चढण. मे महिन्यात साडेतीनला आणि ऑक्टोबरमध्ये चारला निघायचं. वर पताका फडफडत असतात. काळोखात आधी काहीच नसतं. मग कांचनजंगाच्या माथ्यावर एक तांबूस टिकली उमटते, ती खाली पसरते, आणि काबरू, रातोंग, पांदिम एकामागून एक उजळत जातात. शेजारचा काळा काबुर बर्फाशिवाय तसाच उभा. आमच्यातल्या सातारच्या काकांना गुडघ्यामुळे पुढे येणं शक्य नव्हतं. ते इथूनच परतणार होते. त्यांनी देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे बूट काढून ठेवले, हात जोडले आणि म्हणाले, "पंढरीत गर्दीमुळं आत जाता आलं नाही तर कळस बघून माघारी फिरतोच की आपण." त्यांचा ट्रेक पूर्ण झाला होता, असं मला अजूनही वाटतं.

पाचवा दिवस, झोंगरी ते थानसिंग. कुरणातून, मग कोकचुरांगच्या तीव्र उतारावरून नदीशी, पूल ओलांडून थानसिंगचं पठार, ३,९३० मीटर. उतारावर गुडघे सांभाळा, काठी वापरा. झोंगरीच्या आसपास बुटकं, सुगंधी पानांचं झुडूप दिसतं. ते सुनपाती. त्याची पानं पूजेत धूप म्हणून जाळतात. वास घ्या, पण तोडू नका.

सहावा दिवस, थानसिंग ते लामुने. तीन-चार किलोमीटर, सपाटच. दुपारी झोप काढा.

सातवा दिवस. रात्री दोन-अडीचला उठून निघायचं. सुमारे ४,३०० मीटरवर समिती तलाव लागतो. तो पवित्र आहे. पूर्वी काठावर तंबू पडायचे, आता नाहीत. पाण्यात हात-पाय धुवायचे नाहीत, दगड फेकायचे नाहीत, काठावर शौचाला बसायचं नाही. आमच्या गाईडदाजूने इथे खिशातून कागदाची पुडी काढली, युक्सोमहून आणलेला चिमूटभर धूप एका दगडाच्या खोबणीत ठेवून पेटवला, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि राख गार होईपर्यंत उभा राहिला. तोवर आम्हालाही हलू दिलं नाही. थंडीने दात वाजत होते, पण कुणी काही बोललं नाही.

तिथून मोरेनच्या (हिमनदीने लोटलेल्या दगडमातीच्या) धारेवर खडा चढ आणि पहिला व्ह्यू पॉइंट, सुमारे ४,६०० मीटर. बहुतेक सगळ्या गटांचा शेवट इथेच. प्रत्यक्ष गोएचा ला (ला म्हणजेच खिंड, 'गोएचा ला खिंड' म्हणायची गरज नाही) ४,९४० मीटरवर, आणखी पुढे आहे. परवान्यात जेवढं असेल तेवढंच जा. गाईडला जादा पैसे देऊन पुढे नेण्याची गळ घालणारे लोक मी पाहिलेत. पकडलं गेलं तर नोंदणी त्याची जाते, तुमची नाही. त्याच दिवशी कोकचुरांगपर्यंत उतरा.

आठवा दिवस झोंगरीला न चढता, जंगलातल्या आडव्या वाटेने फेदांग आणि चोका. नववा दिवस युक्सोम. दोन्ही गुडघ्यांचे दिवस, बाकी सांगण्यासारखं नाही.

उंचीचं काय

मुंबई-पुण्याचा माणूस चार दिवसांत चार हजार मीटरवर येतो. डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे होतंच. ते लपवायचं नाही. दुसऱ्या खेपेला आमच्यातला एक तरुण मुलगा, सगळ्यांत तगडा, फेदांगपासून डोकं धरून चालत होता. विचारलं की "काही नाही" म्हणायचा. झोंगरीला रात्री तंबूच्या दोऱ्या चुकवताना तो तोल जाऊन पडला. गाईडदाजूने त्याला टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. चार पावलांत तो बाजूला कलला. त्याच रात्री दोघांनी दोन्ही काखांत धरून त्याला फेदांगमार्गे चोक्याला उतरवला. सकाळपर्यंत तो बसून चहा पीत होता. अजून चार तास गप्प राहिला असता तर काय, याचा विचार मी करत नाही.

म्हणून हे पाठ करा. डोकेदुखीसह उलटी असेल तर वर जायचं नाही, आहे तिथे थांबायचं. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला, निळे ओठ यांपैकी काहीही दिसलं तर लगेच खाली उतरवायचं, रात्र असली तरी. गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, आणि बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग.

काय दिसेल, काय नाही

हिमबिबट्या या उद्यानात आहे. तुम्हाला दिसणार नाही. रेड पांडा, सिक्कीमचा राज्यप्राणी, साचेन ते चोका या बांबूच्या पट्ट्यात आहे. नेपाळीत त्याला हाब्रे म्हणतात. तो दिसण्याची शक्यताही थोडीच, पण प्रयत्न करता येतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, घोळक्यापासून वीस मिनिटं पुढे, शेवाळलेल्या जाड फांद्यांवर नजर ठेवून चाला. त्याचा रंग शेवाळाच्या तांबूस पट्ट्यात मिसळून जातो. तो ठरावीक जागी विष्ठा टाकतो. गाईडला त्या जागा माहीत असतात. मला तीन खेपांत एकदा दिसली ती शेपूट, पट्ट्यापट्ट्यांची, तीही दोन सेकंद.

खात्रीने दिसणाऱ्यांत फेदांग-झोंगरीच्या आसपासचा ब्लड फेझंट, सिक्कीमचा राज्यपक्षी. छातीवर हिरवट पिसं, त्यावर रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखा लाल रंग. कोंबड्यांसारखे कळपाने वाटेवरच चरतात. डांफे म्हणजे मोनाल कुरणांवर आणि मुनाल म्हणजे सॅटिर ट्रॅगोपान खालच्या झुडपांत. हा दुसरा दिसण्याआधी ऐकू येतो, लहान मूल हंबरडा फोडतं तसा. लामुने-समितीच्या उतारांवर पहाटे भरल, म्हणजे डोंगरी मेंढ्या (इकडे नाउर), चरताना दिसतात. थांबा, बसा, ते स्वतःहून जवळ येतात. बांबूच्या जंगलात मात्र बोलत चाला, कारण काळं अस्वल दचकलं की हल्ला करतं. ड्रोन घरी ठेवा, राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

उतरल्यावर

चेकपोस्टवर कचरा मोजून द्या, पावती घ्या. झोवाल्याची आणि स्वयंपाक्याची बक्षिसी गाईडच्या हातात एकत्र देऊ नका, प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी द्या.

परतीच्या जीपा युक्सोमहून पहाटेच सुटतात, आदल्या संध्याकाळी जागा सांगून ठेवा. जमल्यास ताशीदिंगला उतरा. रातोंग आणि रंगीत या नद्यांच्या मधल्या टेकडीवर मठ आहे. दरवर्षी तिबेटी पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला इथे बुमचू होतो. वर्षभर बंद ठेवलेला पाण्याचा कलश उघडतात आणि पातळीवरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. ज्या रातोंग चूचं पाणी या कलशात जातं, तिच्यावर नव्वदच्या दशकात युक्सोमपाशी वीजप्रकल्प येऊ घातला होता. भिक्षू आणि गावकरी आडवे उभे राहिले, आणि १९९७ मध्ये सरकारने तो रद्द केला. तुम्ही दहा दिवस ज्या खोऱ्याच्या अंगाने चाललात ते त्यामुळे तसं राहिलंय.

मठाच्या आवारात थोंगवा रांगडोल नावाचा छोर्तेन आहे. नुसत्या दर्शनाने पाप फिटतं म्हणतात. सातारच्या काकांना त्याचा फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "मग एवढं चढायला कशाला लावलंत?"

गाडीचं किंवा विमानाचं तिकीट युक्सोमहून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा, त्याच दिवशीचं नको. दरड पडली की सिलीगुडीचे सहा तास बारा होतात.